डोक्याचं ऑपरेशन आणि त्यानंतरच्या रात्री

मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन ठरलं की घरात दिवसांचे हिशोब सुरू होतात. भरती कधी व्हायचं, ऑपरेशन किती तास चालेल, टाके कधी निघतील, कामावर कधी जाता येईल. रात्रींचा हिशोब कुणी करत नाही. मग घरी आल्यावर पहिल्याच रात्री दोन वाजता प्रश्न पडतात. या कुशीवर वळलं तर चालेल का? उशी एक घ्यायची की दोन? झोप अजिबात येत नाहीये, किंवा हा माणूस दुपारपासून झोपलाय तो उठतच नाहीये, यातलं बरं काय आणि वाईट काय? या प्रश्नांची बरीचशी उत्तरं ऑपरेशनच्या आधीच तयार ठेवता येतात. म्हणून इथे तयारीबद्दलही बोलू, पण नजर त्या रात्रींवर ठेवून.

आधी एवढं समजून घेऊ की दुखणार नेमकं कुठे. डोकं उघडून करायच्या ऑपरेशनमध्ये पेशंटला भूल देऊन डोकं एका क्लॅम्पमध्ये घट्ट धरतात. हे डोकं बहुतेक वेळा तीन टोकदार पिनांवर पेललं जातं. मग कातडी आणि स्नायू बाजूला करून कवटीचा एक तुकडा झाकणासारखा काढतात, त्याखालचं मेंदूचं जाड आवरण उघडतात आणि गाठीपर्यंत पोचतात. काम झालं की आवरण शिवतात, हाड परत जागेवर ठेवून बारीक टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रूंनी पक्कं करतात आणि वरून टाके किंवा स्टेपल घालतात. गंमत अशी की खुद्द मेंदूला वेदना कळत नाही, त्यात वेदना ओळखणारे तंतूच नाहीत. म्हणून तर बोलण्याच्या किंवा हालचालीच्या केंद्राजवळ गाठ असेल तर पेशंटला मध्येच जागं करून, त्याच्याशी बोलत ऑपरेशन करता येतं. दुखतं ते कातडीला, स्नायूला आणि आवरणाला. नंतर डोकं ज्या जागी ठणकतं ती टाक्यांची रेघ असते, कानाच्या वरचा चावण्याचा स्नायू असतो (त्यामुळे काही दिवस तोंड पुरतं उघडत नाही, चावताना कळ येते) आणि पिनांच्या बारीक जखमाही असतात. त्या पिनांबद्दल आधी कुणी सांगितलेलं नसतं. मग रात्री उशीवर डोकं टेकलं की टाक्यांपासून लांब, भलत्याच जागी टोचतं आणि माणूस घाबरतो.

आता तयारी. सगळ्यात आधी औषधं. रोज घेता त्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून भूलतज्ज्ञांसमोर ठेवा. नावं आठवून सांगण्यापेक्षा हे बरं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, पण किती दिवस आणि कोणती, हे डॉक्टरच ठरवतात. हृदयात स्टेंट असेल तर तीच गोळी आपल्या मनाने थांबवणं धोक्याचं ठरू शकतं. ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेल्या पुरवण्या, म्हणजे माशाच्या तेलाच्या, लसणाच्या अर्काच्या, जिनसेंगच्या कॅप्सूल, याही सांगायच्या. रक्त गोठण्यावर त्यांचाही परिणाम होऊ शकतो. फिटची गोळी मात्र सहसा चुकवायची नसते. ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा ती घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात.

उपाशी राहण्याच्या सूचना कंटाळवाण्या वाटतात, पण त्यामागचं कारण साधं आहे. भुलेत घशाची राखण सुटते आणि पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. हलकं जेवण सहसा ६ तास आधी आणि तेलकट जेवण ८ तास आधी बंद करतात. साधं पाणी बऱ्याच ठिकाणी २ तास आधीपर्यंत चालतं. उलट्या होत असतील किंवा मधुमेह असेल तर हे आकडे बदलतात, तेव्हा तुम्हाला जी वेळ सांगितली असेल तीच पाळायची.

घोरण्याबद्दल आवर्जून सांगा. झोपेत श्वास अडकत असेल, रात्री मास्कचं यंत्र लावत असाल, तर भूलतज्ज्ञांना ते आधी कळलं पाहिजे. भूल उतरताना आणि वेदनेची जोरदार औषधं चालू असताना असा श्वास जास्त अडकतो. श्वास मंदावला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि डोक्यातला दाब वाढतो. हा दाब पुढे पुन्हा येणार आहे. सिगारेट सोडायची तर जितकी आधी सोडाल तितकं चांगलं. जखम भरायला आणि खोकला कमी राहायला त्याची मदत होते, आणि ऑपरेशननंतर खोकला फार महाग पडतो.

केसांची धास्ती अनेकांना गाठीपेक्षा जास्त असते आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. आता बऱ्याचदा पूर्ण डोकं भादरत नाहीत, चिरेपुरती पट्टी मशीनने काढतात. घरी रेझरने स्वतःच केस काढू नका. बारीक काप पडतात आणि तिथे जंतू शिरतात. सर्जनला सरळ विचारा, किती केस जातील.

अजून एक-दोन गोष्टी कानावर येतील. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुन्हा एमआरआय करतात तो बऱ्याचदा दिशादर्शनासाठी असतो. त्या चित्रांच्या आधारे ऑपरेशनच्या टेबलावर संगणक सर्जनला हत्याराचं टोक मेंदूत नेमकं कुठे आहे ते दाखवतो. काही घातक गाठींसाठी भुलेच्या काही तास आधी एक द्राव प्यायला देतात. गाठीच्या पेशी तो जास्त शोषतात आणि निळ्या प्रकाशात गुलाबी-लाल चमकतात. तो घेतल्यावर निदान एक दिवस कडक ऊन आणि प्रखर दिवे टाळायचे, कातडी भाजते. जागं ठेवून ऑपरेशन करणार असतील तर तुम्ही घरी कोणती भाषा बोलता, कामावर कोणती, हे सांगा. भाषेच्या चाचण्या त्यानुसार ठरतात.

आणि सर्जनला विचारायचा एक प्रश्न कागदावर लिहूनच न्या: गाठ पूर्ण काढायचा विचार आहे, जमेल तितकी कमी करायचा आहे, की फक्त तपासणीसाठी तुकडा घ्यायचा आहे? या तिन्हींची अपेक्षा वेगळी असते. नातेवाईकांच्या डोक्यात ‘काढली की संपलं’ असतं, आणि नंतरची बरीच निराशा तिथूनच येते.

३० अंशांचं काय आहे

आता अंथरूण. हे ऑपरेशनच्या आधी लावायचं, नंतर नाही. कवटी ही बंद पेटी आहे. आत मेंदू, रक्त आणि पाण्यासारखा द्राव या तीनच गोष्टी असतात. एक वाढली तर दुसऱ्या दोघींना जागा द्यावी लागते, नाहीतर दाब वाढतो. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये ही गोष्ट मांडली, आणि आजही अतिदक्षता विभागातले बरेच निर्णय त्यावर उभे असतात. गाठ असलेल्या अनेकांचं डोकं पहाटे जास्त दुखतं तेही याच कारणाने. रात्रभर आडवं राहिल्याने डोक्यातलं रक्त सावकाश उतरतं, झोपेत श्वास थोडा मंदावतो, आणि आधीच भरलेल्या पेटीत दाब वाढतो.

ऑपरेशननंतर मेंदूला सूज येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सहसा जास्त असते, मग उतरू लागते. डोकं साधारण ३० अंश वर ठेवलं की मानेच्या शिरांतून रक्त सहज खाली उतरतं. यात एक चूक घरोघरी होते. तीन उशा एकावर एक रचून फक्त डोकं वर करतात. मग हनुवटी छातीला टेकते, मान दुमडते, आणि ज्या शिरांतून रक्त उतरायचं त्याच दाबल्या जातात. कंबरेपासून पाठीचा पूर्ण उतार पाहिजे. फोमची पाचरीसारखी उशी मिळते, ती उत्तम. नसेल तर गादीच्या डोक्याकडच्या भागाखाली घट्ट घडीचे ब्लँकेट घालून उतार करा, आराम खुर्चीसुद्धा चालते. गुडघ्यांखाली एक पातळ उशी ठेवली की माणूस रात्रभर खाली घसरत नाही. मान एका बाजूला कलंडत असेल तर प्रवासात वापरतात ती इंग्रजी यू आकाराची उशी कामाला येते, फक्त तिचा काठ टाक्यांवर येत नाही ना ते बघा.

शक्य असेल तर ऑपरेशनच्या आधी चार-पाच रात्री असंच झोपून बघा. आयुष्यभर पोटावर झोपणाऱ्या माणसाला दवाखान्यातून आल्यावर एकदम उताणं, तेही अर्धवट बसल्यासारखं झोपायला सांगितलं तर त्याला झोप कशी लागेल? सवय आधी लागलेली बरी. बाथरूमपर्यंतची वाटही तेव्हाच मोकळी करा. पायपुसणी आणि वायरी उचला, मंद दिवा लावा.

कोणत्या कुशीवर झोपायचं? जी बाजू उघडली तिच्यावर भार नको, निदान टाके निघून सर्जनने मोकळीक देईपर्यंत. दुसऱ्या कुशीवर झोपता येतं, पाठीला उशी लावली की झोपेत आपोआप वळणंही थांबतं. काही वेळा सुजेमुळे हाड लगेच परत बसवत नाहीत. तसं असेल तर त्या बाजूवर अजिबात झोपायचं नाही, तिथे मेंदूवर हाडाचं झाकण नाही. आणि क्वचित सर्जन याच्या उलट, सपाट झोपायला सांगतात. तेव्हा हा लेख बाजूला ठेवून त्यांचं ऐकायचं. घरी सोडताना जे कागद देतात त्यावर झोपण्याची स्थिती लिहून मागा.

उठताना थेट समोर झेप घेऊन उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन बसा, अर्धा मिनिट थांबा, मग उभे राहा. कुंथणं, वाकून जड उचलणं, चपला शोधायला डोकं खाली घालणं, या सगळ्याने डोक्यातला दाब क्षणभर उसळतो. बद्धकोष्ठ ही म्हणूनच इथे किरकोळ तक्रार नाही. वेदनेच्या जोरदार गोळ्यांनी ती हमखास होते, तेव्हा पोट साफ राहण्याचं औषध पहिल्यापासूनच विचारून घ्या.

मागच्या बाजूने, मानेच्या वर ऑपरेशन झालं असेल तर गोष्ट थोडी वेगळी असते. तिथले जाड स्नायू कापलेले असतात, मान आखडते, अंथरुणात कूस बदलली की गरगरतं आणि मळमळतं. उशीचा मधला भाग पोकळ असला तर टाक्यांवर दाब येत नाही. नाकातून केलेल्या ऑपरेशनचे नियम आणखी निराळे आहेत. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, आणि रात्री मास्कचं यंत्र सर्जनच्या परवानगीशिवाय लावायचं नाही. नाक चोंदलेलं असतं, तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडतो, म्हणून पाणी उशाशी हवं. पण पाणी कितीही प्यायलं तरी तहान भागत नसेल आणि रात्रभर भरपूर पातळ लघवी होत असेल तर ते तोंड कोरडं पडण्यापुरतं नाही, डॉक्टरांना कळवायचं. पुढे वाकल्यावर नाकातून स्वच्छ पाणी टपकलं किंवा घशात खारट चव आली तरीही.

पहिली रात्र

अतिदक्षता विभागातली पहिली रात्र झोपेसाठी नसतेच, हे आधीच मान्य केलेलं बरं. दर तासाला, कधी त्याहूनही लवकर, नर्स येऊन उठवते. नाव काय, कुठे आहात, महिना कोणता, माझी बोटं दाबा, पाय उचला. डोळ्यांत बॅटरी मारते. पेशंट वैतागतो, बाहेरचे नातेवाईक म्हणतात, ‘जरा झोपू द्या ना त्याला.’ पण डोक्यात रक्तस्राव किंवा सूज वाढतेय याची पहिली खूण बहुतेक वेळा यंत्रावर दिसत नाही, ती त्या उत्तरांत दिसते. आधी नीट बोलणारा माणूस महिना चुकला, एक हात ढिला पडला, की धावपळ सुरू. ग्लासगोमध्ये १९७४ साली टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी शुद्धी मोजायची मोजपट्टी तयार केली. आता ती ३ ते १५ अशी मोजतात, नर्सच्या कागदावर तेच आकडे असतात.

वयस्क माणूस त्या रात्री गोंधळू शकतो, नळ्या ओढू शकतो, भलतंच बोलू शकतो. त्याचा चष्मा, कानाचं यंत्र आणि डोळ्यांसमोर एक घड्याळ, एवढ्यानेही फरक पडतो.

एक-दोन दिवसांत डोळा सुजून बंद होतो. कपाळ किंवा कानाजवळून ऑपरेशन झालं असेल तर हे नेहमीचं आहे, सूज वरून खाली ओघळते. अजून एक विचित्र अनुभव: आडवं झालं की डोक्यात काहीतरी डचमळल्यासारखं किंवा टिकटिकल्यासारखं ऐकू येतं. ऑपरेशनमध्ये आत थोडी हवा राहते, रिकाम्या जागेत द्राव भरतो, हाडाचा तुकडा अजून जुळलेला नसतो, त्याचे हे आवाज. काही आठवड्यांत विरतात. फेरतपासणीला सांगायचे जरूर, पण रात्री घाबरून बसायचं कारण नाही.

झोप येत नाही ती का

घरी आल्यावर झोप उडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट बहुतेक वेळा वेदना नसते, स्टिरॉइड असतं. डेक्सामेथासोन हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून गाठीभोवतीची सूज उतरवायला वापरतात आणि या कामात त्याची बरोबरी करणारं औषध आजही सहज सापडत नाही. काही तासांत ते एक-दोन दिवसांत डोकेदुखी हलकी होते, अडखळणारं बोलणं सुधारतं. पण त्याची किंमत रात्री मोजावी लागते. मन पळत राहतं, रात्री अकराला कपाट आवरावंसं वाटतं, भूक भडकते, साखर वाढते, साखर वाढली की लघवीला उठावं लागतं, आणि चिडचिड. घरच्यांना वाटतं माणूस बदलला. बरेचदा ती गोळी बोलत असते.

यावरचा उपाय इतका साधा आहे की तो सुचवायचा राहून जातो. या औषधाचा असर शरीरात दीड ते सव्वादोन दिवस टिकतो. म्हणून अनेकांना ते सकाळी एकदाच, किंवा सकाळी आणि दुपारच्या जेवणाबरोबर देता येतं. रात्रीचा डोस चिठ्ठीवर असेल तर ‘हा दुपारी घेतला तर चालेल का?’ एवढं विचारा. स्वतः मात्र वेळ किंवा मात्रा बदलू नका, आणि एकदम बंद तर कधीच करू नका. गोळी चालू असताना शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं. अचानक थांबवलं तर सूज उसळते आणि रक्तदाब कोसळू शकतो. ते पायरीपायरीने उतरवतात. जेवणानंतर घ्यायचं, सोबत पोटाची गोळी असतेच. झोप पूर्ण उडून माणूस भ्रमात गेल्यासारखा बोलू लागला, संशय घेऊ लागला, तर लगेच डॉक्टरांना फोन.

वेदनेच्या बाबतीत सहन करण्यात शौर्य नाही. झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी सांगितलेली गोळी घ्या, ठणका चढल्यावर तिला वेळ लागतो. घरातली दुसरी वेदनाशामकं, विशेषतः आयबुप्रोफेनसारखी, न विचारता घेऊ नका, रक्तस्रावाचा प्रश्न येतो. झोपेच्या गोळीचंही तसंच. ती घेतलेला माणूस गोळीने गुंगलाय की डोक्यात काही बिघडलंय हे कुणालाच सांगता येत नाही. दारू बंद.

एवढं करूनही झोप तुटक असेल तर दिवस नीट करा. सकाळी उजेडात बसा, थोडं थोडं चाला (पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनही ते हवंच), दुपारची डुलकी तीनच्या आत आणि अर्ध्या तासाची. फिट येण्याची शक्यता असलेल्यांनी जागरण टाळणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं, कारण कमी झोपेने फिट लवकर येते.

झोप फार येते ती

याच्या उलटही होतं. पहिले काही आठवडे थकवा असा येतो की आंघोळ केली तरी परत आडवं व्हावंसं वाटतं. मेंदू दुरुस्तीत गुंतलेला असतो, वर फिटच्या गोळीने पेंग येते. हा थकवा महिनाभरही टिकतो, कधी जास्त, आणि मध्ये रेडिएशन आलं तर आणखी लांबतो. यात आळस शोधू नका.

पण थकव्याची झोप आणि धोक्याची गुंगी यांतला फरक घरातल्या निदान एका माणसाला कळायला हवा. थकलेला माणूस हाक मारल्यावर कुरकुरत का होईना उठतो, ओळखतो, नीट उत्तर देतो, ‘झोपू दे’ म्हणतो आणि परत झोपतो. गुंगीतला माणूस हलवूनही धड जागा होत नाही, उत्तर अर्धवट सोडतो, कालच्यापेक्षा आज जास्त झोपतो. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सीत न्यायचं. वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या, फिट, हातापायाची नवी कमजोरी, बोलणं अडखळणं, ताप आणि ताठर मान, जखमेतून पाणी किंवा पू, एका पोटरीला सूज, अचानक दम लागणं, हेही त्याच यादीत. दवाखान्याचा रात्रीचा नंबर आधीच फोनमध्ये भरून ठेवा आणि राखणीला असलेल्या माणसाला तो दाखवा. त्या माणसालाही झोप लागते, तेव्हा पहिला आठवडा दोघांत वाटून घ्या.

आणि गाठीचा रिपोर्ट यायचा असतो. आता गाठीच्या जनुकांच्याही तपासण्या करतात, त्यामुळे पूर्ण निदानाला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. त्या दिवसांत पहाटे तीनला डोळे उघडले तर कारण उशी नसते आणि स्टिरॉइडही नसतं. फोनवर गाठीचं नाव शोधायला ही सगळ्यात वाईट वेळ. उशाशी वही ठेवा, मनात आलेला प्रश्न लिहा, सकाळी विचारा.

टाके बहुतेक ७ ते १४ दिवसांत निघतात. त्या भेटीत तीन गोष्टी विचारायच्या: उतार कधी कमी करायचा, ऑपरेशनच्या बाजूवर कधीपासून झोपायचं, आणि केस कधी व कशाने धुवायचे. उतार उतरवताना ब्लँकेटची एकेक घडी काढा, दोन-तीन रात्री बघा. पहाटे डोकं जड वाटलं तर ती घडी परत घाला.